अमावस्येचा मोर्चा

२४ नोव्हेंबर, सोमवार. केज

आज वीज कार्यालयात जाऊन पुन्हा डोकं तापवून आले. आष्टीहून निघताना आई म्हणाली होती, ऋतुजा, तिकडं जीभ जरा आवरून वापर, माणसं नवीन आहेत. महिनाभर आवरली. आज नाही जमलं.

मामला साधा आहे. जांभळदरा आणि तांबवाडी ही दोन गावं एकाच सबस्टेशनवर आहेत. शेतीच्या मोटारींना एका गावाला दिवसा लाईट, दुसऱ्याला रात्री, आणि आठवड्याला पाळी बदलायची, असं ठरलेलं. पण दोन वर्षांपासून पाळी बदललेलीच नाही. तांबवाडी दिवसा पाणी देते आणि जांभळदऱ्याची माणसं थंडीत रात्रभर चिखलात उभी राहतात. आपला बालाघाट शेतकरी संघ मग कशाला आहे? तालुक्याची संघटक म्हणून मला कशाला पाठवलंय?

पेडणेकर साहेब म्हणून उपअभियंता आहेत, मालवणकडचे. शांत माणूस. इतका शांत की समोरच्याला जास्तच राग यावा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही गावांनी एकत्र बसून मला सांगावं. मी दुसऱ्या दिवसापासून पाळी फिरवतो." मी म्हटलं, लोकांना आपसात झुंजवायची ही जुनी युक्ती झाली, साहेब. त्यावर ते पाणी प्याले आणि मलाही विचारलं. मी प्यायले नाही. घसा कोरडा पडला होता, पण बाणा म्हणजे बाणा.

बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जांभळदऱ्याला भिवरामावशींकडे मुक्काम. गावात संघाची शाखा म्हणजे भिवरामावशीच. साठीच्या पुढच्या, बोलणं थोडं, आणि डोळे असे की आपण काय लपवलंय ते आपल्याआधी त्यांना दिसावं. मुलगा परमेश्वर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला. यंदा पहिल्यांदाच तो एकटा गेलाय. सून मनिषा आणि नात राजनंदिनी मागं राहिल्यात, कारण विहिरीला पाणी आहे, ज्वारी आणि हरभरा पेरलाय, आणि पोरगी चौथीत गेलीय. आजवर दरवर्षी तिची शाळा निम्म्यात सुटायची आणि ती फडावर आईच्या मागं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत फिरायची.

मनिषा माझ्यापेक्षा लहान असेल. ज्वारी निवडता निवडता सांगत होती की रात्री दारं धरायला, म्हणजे वाफ्यात पाणी फिरवायला, ती एकटीच जाते. सासूला रात्रीचं दिसत नाही. परवा पायाला काहीतरी गार लागलं आणि सरसर निघून गेलं. ती त्याला 'लांबडं' म्हणाली, साप म्हणाली नाही.

मी म्हटलं, भीती नाही वाटत?

"वाटती की. पण ज्वारी वाळली तर काय फायदा ऱ्हायल्याचा? औंदा बघते. असंच ऱ्हायलं तर पुढच्या साली आमी समदेच जातो परत तोडीला. पोरीला घेऊन."

रागानं नाही बोलली. बाजाराला जायचंय असं सांगावं तसं बोलली. राजनंदिनी शेजारी बसून पाढे घोकत होती, ती थांबली आणि आईकडे बघायला लागली.

मला राहवलं नाही. म्हटलं, संक्रांतीच्या आत तुमच्या शेतात दिवसा लाईट येईल, हा माझा शब्द. बोलून गेले खरी. आता निस्तरा, ऋतुजाबाई.

१ डिसेंबर, सोमवार

मोर्चा ठरला! मारुतीच्या पारावर बैठक झाली. चांगली गर्दी होती. त्याआधी बद्रीनाथ अण्णांचा फोन आला होता. अण्णा आमचे जिल्हाध्यक्ष, उभा जन्म आंदोलनात गेलेला. त्यांचं म्हणणं, माणूस पाचशेच्या खाली नको आणि पेपरात फोटो आलाच पाहिजे, फोटोशिवाय मोर्चा म्हणजे मिठाशिवाय भाजी.

मी एकोणीस तारीख सांगितली, शुक्रवार. का, तर पेडणेकर साहेब शुक्रवारी दुपारीच गाडी धरून गावाकडं सटकतात असं ऐकलंय. म्हटलं, त्या दिवशी धरू चांगले. पारावर एकदम चुळबुळ झाली. रामकिसनबाबा म्हणून एक म्हातारे आहेत, ते म्हणाले, "पर ताई, त्या दिशी तर अवस..."

अमावस्या! मला वाटलंच होतं. मी तिथंच पाराच्या कडेला उभी राहून भाषण ठोकलं. म्हटलं, बाबा, आपण चंद्रावर यान उतरवलं, आणि तुम्ही मोर्चाला अमावस्या बघता? शेतकऱ्याच्या पोरानं आता तिथी बघायची का हक्क बघायचा? बाबा पुढं बोलणार होते, पण भिवरामावशींनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते गप्प झाले. मग मावशींनी मला विचारलं, "त्या दिशी साहेब हापिसात असंल ना, नक्की?"

मी म्हटलं, निवेदन दिलं की पोलिसांचा बंदोबस्त लागणार. साहेबाला खुर्ची सोडून हलताच येणार नाही.

मावशींनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "हीच तारीख धरा. हलवू नका."

अशी असते पुरोगामी बाई! शाळा शिकलेली नाही, पण माझा मुद्दा एका दमात तिच्या लक्षात आला. पारावर हशा पिकला, टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, त्या दिशी गावात घरी कोण बसतंय, समदे भाईर असत्यात. मला फार बरं वाटलं. एवढा उत्साह आष्टीकडं सुद्धा बघितला नव्हता.

६ डिसेंबर, शनिवार

आज तोंडात मारल्यासारखं झालं.

मनिषाबरोबर विहिरीवर गेले होते. सहज म्हटलं, तांबवाडीला कसली एवढी खुन्नस, पाळी का बदलू देत नाहीत? तर ती हसायला लागली. "तुमाला डीपीचं कुणी सांगितलंच न्हाई व्हय?"

दोन वर्षांमागं दोन्ही गावांच्या डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकाच आठवड्यात जळाल्या. ऐन रब्बीत. आधी तांबवाडीची नवीन डीपी आली. तिचा टेम्पो जांभळदऱ्याच्या फाट्यावरून जातो. आमच्या या गरीब, पीडित, अन्यायग्रस्त गावानं टेम्पो अडवला, ड्रायव्हरला चहा पाजला आणि चहा संपेपर्यंत डीपी उतरवून आपल्या खांबावर चढवली. तांबवाडीची गव्हाची उभी पिकं गेली. तेव्हापासून दोन गावांत बोलणं बंद, सोयरीक बंद, लग्नाच्या पत्रिकाही बंद. पाळी बदलायला वीज कार्यालयाचा माणूस गेला की तांबवाडीचे तानाजीराव सबस्टेशनच्या दारात पलंग टाकून बसतात.

आणि मी पेडणेकर साहेबांना झुंजवाझुंजवी करणारा म्हणून आले! माणूस खरं तेच सांगत होता. त्यांचं पाणी तरी प्यायचं होतं मी.

मावशींना विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तू इचारलं न्हाईस. मोर्चाचंच बोलत होतीस." मग म्हटलं, आता तानाजीरावांकडं समझोत्याला जाऊ या का? तर म्हणाल्या, "कोणत्या तोंडानं जाणार? आपुन हून गेलं तर त्ये दाराभाईर उभं करंल. यळ आली की बघू."

मोर्चा मात्र ठरलाय. निवेदन दिलंय. आता मागं फिरलं तर अण्णा मला उभी जाळतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गावाची तयारी जोरात आहे. पोरं शेताशेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपी बांधतायत. मोर्च्याच्या आधी सावलीला असतील. कुणाच्या तरी दारात दगडांना चुना लावायचं काम चाललं होतं, ते कशाला ते कळलं नाही. बायकांना मोर्च्याचं विचारावं तर त्या मलाच म्हणतात, एकोणीसला आमच्याकडं यायचं बरं का ताई, नक्की यायचं. मी म्हणते, अहो तुम्हीच यायचंय माझ्याबरोबर. त्या हसतात.

मावशींनी केजच्या बाजारातून गाजरं, वाटाणा आणि वालाच्या शेंगा आणायला सांगितल्या. पोतंभर. मोर्च्याला गाजरं कशाला? "लागत्यात," म्हणाल्या. असतील. पाचशे माणसांच्या जेवणाचं बघायला नको का! बाईला संघटन कळतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

घोषणा पाठ. फलक तयार. दोन जीपवाले पक्के केले. त्यातला एक 'उद्या?' म्हणून माझ्याकडं बघतच राहिला, मग म्हणाला बरं. 

१९ डिसेंबर, शुक्रवार

अंगाला धुराचा, ताकाचा आणि हिरव्या हरभऱ्याचा वास येतोय. धुऊन काढावासा वाटत नाही. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी स्टँडवर आले तर एकही जीप नाही. दोघांचे फोन बंद. एसटी धरून फाट्यावर उतरले, फलक काखेत मारून चालत गावात शिरले. गाव रिकामं. दारांना कड्या. पारावर एक कुत्रं. मी एकटीच उभी, हातात 'दिवसा वीज आमच्या हक्काची', आणि वाचायला ते कुत्रं.

मला रडू फुटणार होतं. तेवढ्यात गावाबाहेर पांदीच्या रस्त्यानं बायकांची रांग दिसली. डोक्यावर मडकी, टोपल्या, नव्या लुगड्यांचे रंग. मी पळत सुटले. सगळ्यात पुढं भिवरामावशी. धापा टाकत म्हटलं, मावशी, मोर्चा? त्या चालत्याच राहिल्या.

"आज येळवस हाय, बाई. आज शेत सोडून कोण कुठं जातं व्हय?"

येळवस! नाव ऐकलं होतं, पण लातूरकडची गोष्ट म्हणून. आमच्या आष्टीकडं कुठं आहे ही? इथं ही अमावस्या म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. सगळं गाव शेतात, चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव मांडून पूजा, आणि शेतातच जेवण. चंद्रावरच्या यानाचं माझं भाषण आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणून हसत होते सगळे!

पण आता काय? कार्यालयात साहेब वाट बघतायत, दारात पोलीस उभे, अण्णांनी पेपरवाल्यांना सांगितलंय. संघाची पार नाचक्की. मी बांधावर मटकन बसले. मावशींनी मडकं उतरवलं आणि म्हणाल्या, "त्यात काय? साहेबालाच बोलाव हिकडं. जेवायला. आजच्या दिशी कुणी न्हाई म्हनत न्हाई."

फोन लावला. पेडणेकर साहेब कार्यालयात अगदी एकटे होते. सगळा स्टाफ रजेवर. त्यांनी विचारलं, किती वाजता पोचताय, पोलीस विचारतायत. मी म्हटलं, साहेब, मोर्चा शेतात आहे. तुम्ही या.  ते म्हणाले, "मी डबा आणलाय हो." मी म्हटलं, डबा राहू द्या.

आले की! पोलिसांच्याच जीपमधून आले. त्यातला हवालदार लातूरचा निघाला. घरची येळवस चुकली म्हणून सकाळपासून तोंड पाडून बसला होता, इथं खोप बघितली आणि गडी बूट काढून मांडी घालून मोकळा.

मी निवेदन हातात घेऊन पुढं झाले. मावशींनी मनगट धरलं. हळू आवाजात म्हणाल्या, आज आपल्या शेतात आलेल्याला नुसतं वाढायचं, त्याच्याकडं काही मागायचं नाही. निवेदनाची घडी करून मी ती पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, दाबली. मग काय, बसले जेवायला. शेंगा, वाटाणा, हिरवा हरभरा, पाला, सगळं बेसनात एकजीव केलेली भज्जी. माझी गाजरं त्यात होती! ज्वारीचे उकडलेले उंडे, तिळाची पोळी, खीर, आणि मडक्यातली आंबट गार आंबील. साहेबांनी पहिल्यांदा आंबील हुंगून बघितली. नंतर मागून घेतली. दोनदा.

जेवण झाल्यावर मावशी उठल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, चला साहेब, शिवार दाखवते. येळवसेला एकमेकांच्या शेतात फिरायची रीतच आहे. साहेब, हवालदार, मनिषा, मी, आणि मागं निम्मं गाव. मावशी बोलत बोलत चालत होत्या, ही ज्वारी, ही करडई, आणि बघता बघता शिवेचा ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. खोपीपुढं मिशीवाला एक धिप्पाड माणूस. मनिषानं माझा हात घट्ट दाबला. तानाजीराव!

 दोन वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही ती माणसं पंधरा हातांवर उभी. मला वाटलं, आता काठ्या निघतात. पण येळवसेला बांधावरून जाणाऱ्याला हाक न मारता जाऊ दिलं तर ते शेत पिकत नाही, असं इथं मानतात. तानाजीरावांनी मावशींकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आपल्या ज्वारीकडं बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "या. आंबील घ्या."

मावशी बसल्या. आमची पोटं तुडुंब होती, तरी सगळे परत जेवलो. तानाजीरावांच्या घरच्या बाईंनी वाढता वाढता मनिषाच्या गालावरून हात फिरवला. मनिषा त्यांच्या माहेरच्या नात्यातलीच निघाली. शेवटी रीतीप्रमाणं तानाजीराव हात जोडून म्हणाले, "पोट भरलं का, मावशी? आनखी काय पायजे?"

मावशी जणू त्याच एका प्रश्नासाठी दोन शेतांतलं जेवल्या होत्या.

"पोट भरलं. आता एक आठवडा दिवसाची लाईट आमाला द्या. एक आठवडा तुमी ठेवा. माझी सून अंधारात एकली शेतात जाती, तानाजी."

तानाजीरावांची मान खाली. "आन डीपीचं?"

"डीपी आमी नेलती. लई चुकलं आमचं."

"आमचा गहू वाळला, मावशी. पोरं रडली आमची."

"ठाव हाय. म्हनून तर हितवर आले."

 हवालदार चावायचं थांबला होता. तानाजीरावांनी मनिषाकडं एकवार बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "घरी जेवलेल्याला न्हाई म्हनून धाडत न्हाईत आमी. फिरवा पाळी."

पेडणेकर साहेबांच्या हातात वाटी होती. ती खाली ठेवून ते म्हणाले, "दोन्ही गावं एकत्र बसलेली बघायची होती मला. येता आठवडा तांबवाडीचा, मग एकोणतीस तारखेच्या सोमवारपासून जांभळदऱ्याला दिवसा."

संध्याकाळी पोरं पेटते पलिते घेऊन शेताभोवती धावली. मीही धावले. चप्पल ओढ्यात गेली ती तिथंच राहिली.

२० डिसेंबर, शनिवार

अण्णांचा फोन. घोषणा नाहीत, गर्दी नाही, पेपरात ओळ नाही, हा कसला मोर्चा? मी सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "फोटो तरी हाय का?" हवालदारानं काढलेला एकच आहे, त्यात मला आंबिलीच्या पांढऱ्या मिशा आल्यात. पाठवला. अण्णांनी त्यावर अंगठा पाठवला.

खरं सांगायचं तर नशीब बलवत्तर म्हणून निभावलं. माझ्या एका चुकीतून एवढं चांगलं निघावं!

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळीच जांभळदऱ्याला गेले. सगळे विहिरीवर. मोटरीनं धक्का घेतला, पाइप फुरफुरला आणि पाणी उन्हात बाहेर आलं. पाणी रोजचंच, पण सगळे असे बघत उभे, जणू विहीर आजच खणलीय. मनिषा खोरं घेऊन वाफ्यात उतरली. तिनं परमेश्वरला फोन लावून मोबाइल पाण्याकडं धरला. "बघा, ऊन हाय का न्हाई?" पलीकडून फडाचा गोंगाट येत होता. तो काय बोलला ऐकू आलं नाही, पण ती लाजली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पुढच्या साली आमी न्हाई जात, ताई. ह्यांनाच ठेवून घेते."

राजनंदिनी दप्तर घेऊन बांधावरून शाळेला गेली. जाताना पाण्यात पाय बुडवून गेली.

परत येताना वीज कार्यालयात डोकावले. पेडणेकर साहेबांनी पाणी विचारलं. मी गटागटा प्यायले.

९ जानेवारी, शुक्रवार

हरभरा निघायच्या आत तालुक्यात खरेदी केंद्र उघडावं म्हणून संघाचं नवं निवेदन तयार केलं. तारीख घातली तीन फेब्रुवारी आणि भिवरामावशींना दाखवायला गेले. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. विचारलं, ज्याला भेटायचं तो साहेब कुठला? मी म्हटलं, नगरकडचा. बायकामाणसं हितंच ऱ्हात्यात का? म्हटलं, हो, केजलाच राहतात. मावशींनी सोललेली शेंग खाली ठेवली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या.

मी ती बोटं बघत राहिले. पारावर हीच बोटं अशीच मोजत होती. 'साहेब हापिसात असंल ना, नक्की?' रामकिसनबाबांना गप्प करणारी नजर. पोतंभर गाजरं. 'यळ आली की बघू.'

"मावशी," मी म्हटलं, "त्या दिवशी येळवस आहे हे तुम्हाला पारावरच ठाऊक होतं."

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. "गावात ऱ्हाऊन येळवस कुणाला ठाव नसती?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तारीख हलवली असतीस, बाई." मग त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं.

मी निवेदनावरची तारीख खोडली, जागा कोरी सोडली आणि शेंगा सोलायला बसले.